मुक्या कॅमेऱ्याने टिपलेली हळद

भाऊजी दयाराम यांना पनवेलहून सुमतीचा आणि माझा नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? आमच्या शांतीताईचा घसा बरा असावा (तिला थंड काही देऊ नका, मला इथे झोप लागत नाही).

नातीच्या, म्हणजे समृद्धीच्या हळदीत मी घराचं नाक कापलं, असं आमचा शैलेश उरणपर्यंत सांगत सुटलाय. माझा कॅमेरा तो रोडपालीच्या एका हॉटेलात शोभेला टांगणार आहे. खरं काय ते ऐका. माफी मी मागणार नाही.

गोदीत असताना खलाशाकडून घेतलेला माझा चावीचा सिनेमा-कॅमेरा तुम्ही पाहिलाय. बॅटरी नाही, वायर नाही. कुशीतली चावी पिळायची, खटका दाबायचा, की आतली स्प्रिंग अर्धं मिनिट फिल्म ओढते आणि थांबते. तोंडावर तीन भिंगं, तबकडी फिरवली की हवं ते पुढे. घडवणाऱ्याने आधी माणसाची मूठ पाहिली असणार. मुंबईहून फिल्म मागवून (उजेड लागेल या धास्तीने गोधडीखाली भरली, जीव घुसमटला) मी मांडवात गेलो. भाड्याचा व्हिडिओवाला इंद्रजीत म्हणाला, "बाबा, भारी प्रॉप आहे, द्या!" आणि नवरीच्या हातात कॅमेरा देऊन फोटो काढू लागला. हळदीच्या हातात! मी हिसकावला. पोर रडली. सुमती ओरडली, "अवो, हळद तिची हाय, तुमची नाय!"

तेवढ्यात लग्नाचे धवले म्हणायला धवलारीण म्हणून आलेली आमची शांतीताई गाऊ लागली. हे शेवटचं लग्न, पुढे गाणार नाही, असं तिने सकाळीच सांगितलं होतं. मी चावी पिळली, जवळ गेलो, खटका दाबला. किर्रर्र झालं. इंद्रजीत खेकसला, मी थांबलो नाही. शैलेश म्हणाला, "बाबा, गाणं काय काढताय? याला आवाज टिपता येत नाय!" सगळा मांडव हसला.

हसू दे. गाणं सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहे. गाताना तिचे हात कसे चालतात ते कुणी पाहिलं? इंद्रजीतचं ड्रोन तेव्हा दिव्यांच्या माळा मोजत होतं.

तुमचा मेहुणा,
बाळू

ता. क. फिल्म धुऊन आली. बघायचं भोक भिंगाच्या वर असतं. फार जवळ गेलं की डोळ्याला दिसतं त्यातलं वरचं फिल्मवर उतरत नाही. घाईत विसरलो. ताईचे हात झकास आलेत. मानेच्या वर काही नाही.

आणखी एक. रविवारी शैलेशसमोर भिंतीवर दाखवतोय. ताईला आणाच. हात भिंतीवर चालतील, तिने शेजारी उभं राहून गायचं. मग कोण नेतो कॅमेरा ते बघू. डोकं कुठे गेलं असं तिने विचारलं तर सांगा, तेच घेऊन यायला बोलावलंय.