काळूची टाच

गास, १२ जानेवारी १९७९

शाळेत शिकवून आले तर आमच्या काळू कुत्र्याचा मागचा पाय बांबूच्या पट्टीला सरळ बांधलेला. वाडीत वाकलेल्या केळीला टेकू देतात तसा. पाटात घसरला म्हणे. नुसता थरथरत होता, पाणीसुद्धा पीत नव्हता.

"वहिनी, गुडघा उलटा फिरलाय," दीर म्हणाले. "नाही बांधला तर जन्माचा लंगडा होईल."

"आणि दुसरा पाय, भाऊजी? तोही तसाच वाकतो. दोन्ही मोडले का?"

पट्टी सोडली. पाय चाचपला. भाऊजींचा तो उलटा गुडघा म्हणजे टाच! ती उंच धरून कुत्रा चवड्यांवरच चालतो. खरा गुडघा पार वर, पोटाशी, इवल्याशा वाटीसकट. हाड शाबूत होतं, पाय नुसता मुरगळला होता. कॉलेजात हे सगळं पाठ केलं होतं. पण तो जिवंत, गरम सांधा हातात हलला आणि मी दुसऱ्या पायाची टाचही चाचपून पाहिली. 

काळूने पाय हळूच टेकवला. लंगडत पाण्याकडे गेला.

मघाशी स्वयंपाकघरात चवड्यांवर उभी राहून पाहिलं. पोटऱ्या लगेच भरून आल्या. हा तर जन्मभर असाच धावतो?

आत्ता दारात बसलाय. टाच जमिनीला टेकलीय. लिहिता लिहिता मी तिच्याकडेच बघतेय.