‘असता’च्या आधीचं वाक्य

प्रिय छोट्या,

सकाळपासून लिहायला बसते आणि उठते. मध्येच ओटा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. तू इथे असतास तर म्हणाला असतास, ताईला मुंग्या चावल्यात.

माझ्या वर्गाचं सांगते. बाहेर नोकरीला जाऊ बघणाऱ्या मोठ्या माणसांना मी इंग्रजी शिकवते, हे तुझ्या लेखी अजून थट्टेचंच काम. या आठवड्यात जर-तरची वाक्यं घेतली. आमचा बेकरीवाला कुठल्याही वाक्यात पाव आणतो. ‘पीठ सैल झालं तर पाव बसतो’ हे नेहमीचंच सत्य, म्हणून दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ. ‘भट्टी लवकर तापली तर मी लवकर घरी जाईन’ हे अजून घडू शकतं, तिथे ‘विल’. आणि ‘मी राजा असतो तर भट्टीकडे फिरकलो नसतो’ हा नुसता मनाचा खेळ, तिथे ‘वुड’. सगळे पोट धरून हसले.

काल मात्र होऊन गेलेल्या गोष्टींवर आले. ‘इफ’नंतर ‘हॅड’, पुढे ‘वुड हॅव’. मागच्या बाकावर शिवणकाम करणारी एक बाई बसते, कधी तोंड उघडत नाही. ती उभी राहिली आणि अडखळत इंग्रजीत म्हणाली, ‘त्यांनी माझं ऐकलं असतं तर ते वाचले असते.’ ‘हॅड’च्या जागी तिने ‘वुड’ घातलं होतं, पण मला ते सुधारवेना. मग तिनेच विचारलं, “बाई, या वाक्यात आता काही करता येतं का हो?” मी म्हटलं, नाही. जे करायचं ते आधीच्या, ‘विल’च्या वाक्यात. एवढं बोलले आणि खडू ठेवून जिन्यात जाऊन उभी राहिले. बेकरीवाला पाण्याचा पेला घेऊन मागे आला.

लहानपणी तू औषध थुंकायचास. आई नाक दाबायची, मी चमचा घालायची आणि तू माझं बोट चावायचास. आताही तुझं तेच. दवाखान्यात डायलिसिसच्या मशीनला जखडून पडतोस, घरी येतोस आणि फोनवर असा बोलतोस की जणू केस कापून आलास. मी विषय काढला की, “ताई, जर-तर सोड, मुलींचं सांग.”

मुलींचंच सांगते. त्यांना सगळं ठाऊक आहे. मी माझ्या तपासण्या करून घेतल्या, छोट्या. माझं मूत्रपिंड तुला जुळतंय. डॉक्टरीणबाई तयार आहेत, तुझे भाऊजी कुरकुरत का होईना तयार झालेत. थोरली आधी रडली, मग म्हणाली, मामाला सांग, नखरे पुरे. अडलंय ते तुझ्यापाशी. दोन लेकरांच्या आईच्या अंगाला सुरी लागू देणार नाही म्हणालास ना? तुझ्या बायकोने रडत सांगितलं. मला भीती वाटत नाही असं नाही. पण त्या बाईसारखं उभं राहून तुझ्याबद्दल तसलं वाक्य मला बोलायचं नाही. शनिवारी येतेय. दोन दिवस हवं तेवढं भांड. सोमवारी आपण दोघं डॉक्टरीणबाईंकडे जायचं, आणि तिथे तू हो म्हणायचंस.

तुझीच, हट्टाला तुझ्याहून थोरली,
ताई