हिरव्या रंगाखालची फ्रेम

लातूर, ४ एप्रिल १९८३

गावचे हणमंतराव पाटील आज घरी आले आणि माझ्या दहा वर्षांच्या बढाईवर पाणी ओतून गेले. तेही या टंचाईत!

जिल्हा नवा झाल्यापासून गावातल्या प्रत्येकाचं लातुरात काम निघतं. मी कचेरीत कारकून, म्हणजे जणू जिल्हा मीच आणला. पंचशीलेने चहा ठेवला होता. 'सोमवार हाय,' म्हणाले, घेतला नाही. असेल उपास.

जाताना व्हरांड्यात थबकले. तिथे बाची सायकल टांगलेली असते. सायकल कसली — चाकं, सीट कधीच गेली, नुसती हिरवी फ्रेम. तिच्यावर हात फिरवून म्हणाले, 'ही तर आमच्या आबांची रॅले. हैदराबादहून आणलेली. तुझ्या बाला, मारोतीला, वापरायला दिल्ती. बैठकीत लावावी म्हणतो. गडी पाठवतो न्यायला.'

यावर मी ठणकावून काही बोललो असतो तर इथे लिहिलं असतं.

५ एप्रिल

बा सांगायचा: धम्मदीक्षेच्या दुसऱ्या साली, स्वतःच्या कमाईने, नांदेडहून घेतली. विलायती आहे. त्यावर लंडन मी चढवलं. कचेरीत, मुखेडच्या सासऱ्यांना, लग्नाआधी पंचशीलेलासुद्धा.

आता पेच असा. विलायती निघाली तर पाटलाची. देशी निघाली तर आमची. म्हणजे ज्या सायकलला मी लंडनची म्हणत आलो, ती कुठल्यातरी देशी कारखान्यातली निघावी म्हणून मी आज देव पाण्यात ठेवतोय. देव मानत नाही, आणि पाणी तर नाहीच.

८ एप्रिल

रॉकेल, काचपेपर, जुनं ब्लेड. हिरव्याखाली काळा रंग. पुढच्या नळीवर, कंपनीचा बिल्ला बसतो तिथे, दोन भोकं — बिल्ला नाही. सायकलवाल्या शिवप्पाला बोलावलं. तो पहिल्यांदा म्हणाला इंग्लंडची. माझा चेहरा पडलेला पाहून म्हणाला, लुधियानाचीबी असंल.

स्टोव्हला रॉकेल उरलं नाही. पंचशीलेने जेवायला चुरमुरे दिले.

१० एप्रिल

माय आली. गावच्या विहिरी आटल्या, तिथे राहण्यात अर्थ नाही. दारातच उभी राहून माझं काम बघितलं.

'कशाला तासून राहिलास तिला? मागतोय तर दे पाटलाला.'

मला असा राग आला! हातातलं ब्लेड खाली ठेवून तिला स्वाभिमानावर भाषण दिलं. बाने काय सोसलं, फुकटचं कधी घेतलं नाही, वगैरे. माय ऐकत होती. शेवटी म्हणाली, 'हात धू. काळे झालेत.'

धुवायला पाणी नव्हतं.

१३ एप्रिल

सापडलं. सीटखालच्या नळीवर, काळ्या रंगाच्याही खाली, पुसट पिवळी अक्षरं. अ‍ॅटलस. खाली — सोनीपत, मेड इन इंडिया.

पंचशीलेला ओढत आणून दाखवलं. तिने वाकून वाचलं. 'म्हणजे इतकी वर्षं दर दिवाळीला मी सोनीपतचं लंडन पुसत होते,' म्हणाली.

म्हणू दे. आपली आहे.

१८ एप्रिल

हणमंतराव आले. पुन्हा सोमवार. मी अक्षरं दाखवली. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मला वाटलं होतं चिडतील. त्यांनी फक्त विचारलं, 'मग आमची कुठं गेली?'

'ते तुम्ही बघा,' मी म्हणालो. एकदाचं ठणकावून बोललो. माय आतून ऐकत होती. तिने तरी शाबासकी द्यावी, तर ती पाठ फिरवून ज्वारी निवडत बसली.

१९ एप्रिल

एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला? आता सालही पक्कं करायचं ठरवलं — सत्तावन्न, बाने सांगितलेलं. फ्रेमवर नंबर ठोकलेला आहे. शिवप्पाच्या दुकानात येणाऱ्या अ‍ॅटलसवाल्यांना आज अडवून विचारत बसलो: तुमची कधीची, नंबर दाखवा. एकाला वाटलं चोरीचा तपास आहे. तो तसाच निघून गेला.

पोस्टमन भीमाशंकरची सायकल त्याच्या लग्नातली, पासष्ट सालची. तिचा नंबर आमच्या नंबरच्या पुष्कळ मागे.

शिवप्पाला पुन्हा वाचायला लावला. पुन्हा तोच.

म्हणजे बाने सत्तावन्न साली घेतलेली सायकल पासष्टच्या नंतर तयार झाली.

२० एप्रिल

बा खोटं बोलला. दिवसभर हेच. कचेरीत दोन पत्रं चुकीच्या तालुक्याला पाठवली.

२१ एप्रिल

मायला विचारलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली.

'तुझ्या बाची ती पाटलाचीच व्हती. पर फुकटची न्हाई. त्यांच्या शेतात राबून घेतली, आबांनी शब्द दिल्ता. नांदेडची म्हणायचा, कारण त्यांची जुनी घेतली म्हणायला लाज वाटायची त्याला. त्यो गेला, अन् मागून बहात्तरचा दुष्काळ आला. म्या इकली. घरात दाणा नव्हता.'

'आणि ही?'

'ही म्या घेतली. खडी फोडून. निलंग्यात एकानं इकाया काढली व्हती. तुझ्या बाच्या सायकलीवानी हिरवी रंगवून घेतली. तुला म्हणले, दुरुस्तीला टाकलीय.'

त्याच सायकलवर मी मॅट्रिकपर्यंत निलंग्याला गेलो. रंग नवा दिसला म्हणून खूशही झालो होतो.

'सांगितलं का नाहीस?'

'सांगितलं असतं तर शाळा सोडून खडी फोडाया आला असतास.'

आलो असतो का? सकाळपासून विचार करतोय. नक्की सांगता येत नाही.