खिशातल्या पाच बिया

गुरुवार, ता. १४ नोव्हेंबर, दुपारी चार

प्रिय भोपळ्यास,

अनेक आशीर्वाद, असं सवयीने लिहिणार होतो. मग आठवलं, तू माझ्याहून चार महिन्यांनी थोरला. तेव्हा नमस्कारच घे, आणि या खेपेला खरोखर वाकून केलेला घे. गुडघा कसा आहे? सूनबाई तेल चोळून देतात का, की अजून "मला काय धाड भरलीय" म्हणत अंगणात उकिडवा बसतोस? त्यांना माझा नमस्कार सांग.

इकडे बेटावर सगळं ठीक. बाराही कुट्या भरल्या आहेत. सौर पाट्या पुसायला नवा माणूस आला आहे. तो काल पिण्याच्या टाकीतलं पाणी घेऊन काचा धुवायला लागला, तर स्वयंपाकीणबाई पळी घेऊनच धावल्या. "अरे शहाण्या, पाऊस काय तुझ्या सासऱ्याने आंदण दिलाय?" तो बिचारा आता ओल्या फडक्याने पुसतो. धुण्याचं पाणी अजून लव्हाळ्याच्या वाफ्यातून निवळून खाली उतरतं. तुझ्या हाताने लावलेली लव्हाळी माझ्या छातीला लागतात आता.

परवा एक पाहुणे चिडले. "एवढे पैसे घेता आणि खोलीत गार हवेचं यंत्र नाही?" मी म्हटलं, "साहेब, इथे जे नाही, त्याचेच तर पैसे आहेत." ते खो खो हसले आणि मला पाठीवर थाप मिळाली. वाक्य तुझं होतं. तुझं चांगलं ते माझ्या नावावर खपवायची ही माझी जुनी खोड. माझं वाईट तुझ्या नावावर खपवायची खोड मात्र या म्हातारपणी लागली.

बघ, लिहून गेलो. आणखी एक पान हवापाण्याचं लिहायचा बेत होता.

मालकीणबाईंनी गेल्या आठवड्यात मला बोलावलं. प्रत्येक कुटीत ठेवायला एक लहान पुस्तक करायचं आहे: बेट आपण कसं सांभाळतो, बाटल्या परत कशा जातात, अंधार पडला की बाहेर एकही दिवा का लावत नाही, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी कोणते. "काका, तुमची भाषा छान आहे, तुम्हीच लिहा," म्हणाल्या. मी फुललो. कुणी माझ्या भाषेला छान म्हटलं की मी फुलतो, तुला ठाऊकच आहे. मग त्या म्हणाल्या, "शेवटचं पान वेलीबद्दल हवं. लपवायचं नाही. उत्तरेच्या उताराची झुडपं कशी गुदमरली, अकरा घरटी कशी रिकामी राहिली, सगळं सांगू. माळीबुवांचं नाव नको. 'एका माळ्याच्या निष्काळजीपणामुळे' एवढंच लिहा."

माळीबुवा म्हणजे तू, आणि तरी मी "बरं" म्हणालो. पाच दिवस ते पान कोरं होतं. तुला हे पत्र तीन महिन्यांत गेलं नाही, त्याचं कारण आणि ते पान कोरं राहण्याचं कारण एकच.

तुला शाळेच्या मागची भिंत आठवते? तिच्यावरची निळ्या फुलांची वेल? मास्तरांनी तिच्यावर कविता रचली होती. पुस्तकात नव्हती ती, त्यांची स्वतःची. स्नेहसंमेलनात मी म्हणायला उभा राहिलो,

वेल चढे ही भिंतीवरती
निळ्या फुलांची घेउन गाणी

आणि अडलो. समोर अख्खं गाव. तेव्हा शेवटच्या रांगेतून तू, ज्याला गणितात भोपळ्याशिवाय कधी काही मिळालं नाही, तू ओरडलास, "कुणी न दिधले तिजला पाणी!" सगळे हसले, तुला मास्तरांची छडी बसली आणि मला बक्षीस मिळालं. ती कविता येणारी माणसं आता जगात बहुधा दोनच उरली आहेत.

दोन वर्षांपूर्वी मी ताईकडे गेलो होतो ना, तेव्हा शाळा पाडत होते. छप्पर उतरवलेलं, फळ्याच्या जागी भिंतीवर नुसता चौकोन. मागची भिंत तेवढी उभी होती आणि तिच्यावर ती वेल. शेंगा वाळल्या होत्या. मी एक शेंग हातात चुरली, पाच बिया निघाल्या. त्या रुमालाच्या कोपऱ्यात बांधल्या आणि रुमाल छातीच्या खिशात ठेवला.

आता पुढचं तुझ्या ध्यानात आलंच असेल. तरी लिहितो, कारण मला लिहायचं आहे.

बेटावर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाचे बूट घासायचे, तळवे औषधाच्या पाण्यात बुडवायचे, विजारीच्या दुमडी उलटायच्या, खिसे झटकायचे. मातीचा कण नको, कुसळ नको, बी नको. हे काम माझं. मोठमोठ्या धनिकांना मी धक्क्यावर एका पायावर उभं केलं आहे. त्या दिवशी बोटीतून उतरून मी स्वतःचे बूट स्वतः घासले, पाय बुडवले आणि वहीत माझ्या नावापुढे लिहिलं, 'काही नाही.' तू रोपांची टोपली घ्यायला धक्क्यावर आला होतास. म्हणालास, "काय कविराज, खिसे?"

मी म्हणालो, "खिशात कविता आहेत रे."

"मग ठेव बाबा, त्या कुठे उगवत नाहीत," असं म्हणून तू हसलास. मीही हसलो. आपण दोघं किती हसलो, भोपळ्या.

कुंडीत लावीन, नजरेखाली ठेवीन, असं मनाशी म्हटलं होतं. माझ्या खोलीमागे, टाकीच्या आडोशाला. पाचातली एक रुजली. कवितेतल्या वेलीला कुणी पाणी दिलं नव्हतं, मी दिलं. रोज सकाळी, माझ्या वाटणीच्या पाण्यातलं. फूल आलं त्या दिवशी मी चहाचा कप तसाच धरून पूर्ण कविता म्हटली, एकदाही न अडता. मास्तर असते तर, असं वाटलं. आपल्या वर्गातल्या सगळ्यांची तोंडं दिसली. इतकं सुख मला या बेटावर दुसऱ्या कशाने झालं नव्हतं. हे सबब म्हणून सांगत नाही. एवढं सुख झालं म्हणूनच डोळ्यांवर झापड आली, ते सांगतो.

पुढच्या वर्षी धुण्याच्या दगडाजवळ एक कोवळं रोप दिसलं. तीच पानं. तेव्हाच तुझ्याकडे यायचं होतं. तू शिव्या घातल्या असत्यास, आपण दोघांनी अर्ध्या दिवसात बेट पालथं घातलं असतं, आणि संपलं असतं. मी काय केलं? कुंडीतली वेल शेंगांसकट उपटली आणि तुझ्या खताच्या ढिगात खोल खुपसली. तेही तापलेल्या ढिगात नाही, जिथे बी जळून मेलं असतं. तू तिथे काम करत होतास, म्हणून पलीकडच्या, निवून तयार झालेल्या ढिगात. दुसऱ्या आठवड्यात तू ते खत बाराही कुट्यांना आणि उत्तरेच्या उतारावरच्या रोपांना घातलंस.

तुझ्या खतात खोट नव्हती. हात घालून ढीग किती तापला ते तू सांगायचास, आणि तपासनीस तापमापकाचा काटा घालून बघायचे तर आकडा तोच निघायचा. त्या तुझ्या हाताबद्दल ऑगस्टमध्ये कचेरीत तेच तपासनीस म्हणाले, "ढीग नीट तापवला नसणार. वेल तर खतातूनच उगवली आहे." तू माझ्याकडे बघितलंस. "कविराज, तू तरी सांग यांना. शाळेपासून बघतोयस तू मला." आणि मी चष्मा पुसत राहिलो.

तू निघालास त्या सकाळी मी धक्क्यावर खाली बसून तुझे बूट घासले. तू म्हणालास, "अरे वेड्या, येणाऱ्याचे घासतात, जाणाऱ्याचे नाही." मी मान वर केली नाही. तुला वाटलं असेल, मला रडू येतंय. मला तोंड दाखवायचं नव्हतं.

आज दुपारी जेवणं झाल्यावर सगळी मंडळी टेबलाशीच बसली होती. मालकीणबाई म्हणाल्या, "काका, शेवटचं पान झालं का? वाचा की." मी उभा राहिलो. झुडपांचं वाचलं, घरट्यांचं वाचलं, आणि त्या ओळीवर आलो. 'हे बी बेटावर ज्याने आणलं, तो' आणि अडलो. शेवटच्या खुर्चीकडे नजर गेली. तिथे पाट्या पुसणारा बसला होता. खालून सांगणारं कुणी नव्हतं. मग कागद खाली ठेवला आणि म्हणालो, "तो मी."

ढीग, शेंगा, खिसा, सगळं सांगितलं. स्वयंपाकीणबाईंनी पदर तोंडाला लावला. मालकीणबाईंनी तो कागद उचलून स्वतःकडे घेतला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "काका, मी माळीबुवांना घालवलं. तुम्ही मला घालवू दिलंत." एवढंच. धक्क्यावरची वही त्यांनी माझ्याकडून मागून घेतली. ब्रशही.

ते पान पुस्तकात जायचं आहे, माझ्या नावासकट. त्याची नक्कल सोबत आहे. मालकीणबाईंचं बंद पाकीटही आहे. त्यात काय आहे, मी विचारलं नाही, विचारायला मला तोंड नाही. मला त्यांनी उद्यापासून उत्तरेच्या उतारावर नेमलं आहे. वेल मुळासकट उपटायची, गोणीत भरायची, भट्टीत जाळायची. पक्षी अंडी घालायला येण्याआधी जेवढं होईल तेवढं. तीन वर्षांचं काम आहे म्हणतात. मी बहात्तरचा. गुडघ्यांवर रांगतच करावं लागेल, तेच बरं.

क्षमा मागत नाही. मागितली तर तू देशील, मला तुझा स्वभाव ठाऊक आहे. आणि ती इतक्या स्वस्तात घ्यायची मला लाज वाटते. तुझ्या मुलापुढे, सूनबाईंपुढे तुझी मान खाली गेली असेल, त्यांना हे पत्र मोठ्याने वाचून दाखव. एकही शब्द गाळू नकोस.

आणि पाकिटातलं वाचून कधी परत यावंसं वाटलंच, तर धक्क्यावर मी नसेन. उतारावर ये. हाक मारू नकोस. आधी माझ्याजवळ येऊन माझे खिसे तपास, सगळे, आतून बाहेर काढून. मग बोलू.

कविराज म्हणवून घ्यायचं सोडलेला,
तुझा विश्वास खिशात घालून फिरलेला,
तुझ्याच बाकावरचा