तळीचा पाचवा माणूस

चिंचवडगाव,
दि. २० नोव्हेंबर १९७८

ती. भीमराजदादास,
कस्तुराचा सप्रेम जयभीम. वि. वि.

खोली मिळाली. आधी एवढंच लिहिते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. पिंपरीच्या झोपडीत गटाराचं पाणी शिरत होतं आणि दवाखान्यातल्या बाईंनी माझ्या पायांची सूज बघून बजावलं होतं की, कोरड्या जागी राहा, बाळंत होईपर्यंत दवाखान्यापासून लांब जाऊ नकोस. इथून बसने दवाखाना जवळ आहे. मालकीण रुक्मिणीबाई विधवा, एकुलता मुलगा सैन्यात. अंगणाभोवती तीन खोल्या. एकीत त्या, एकीत आम्ही, एकीत साताऱ्याकडचे अर्जुनराव. ते यांच्याच कारखान्यात, यांच्याच खात्यात फिटर आहेत.

आता रागावू नकोस. याआधी जिथं जिथं विचारलं तिथं आधी आडनाव, मग गाव, मग पावणे कुठले, आणि मग खोली कालच गेली. रुक्मिणीबाईंनी यांचं नाव विचारलं. हे म्हणाले, खंडू जाधव. त्या खूश होऊन म्हणाल्या की म्हणजे तुम्ही आमच्यासारखेच खंडोबाचे. हे गप्प राहिले. नाव ठेवलं ते दीक्षेच्या आधी, त्यात यांचा काय गुन्हा? पण गप्प बसले ते बसलेच, आणि मागे उभी राहून मीही गप्पच. बाबासाहेबांचा फोटो अजून ट्रंकेत आहे.

चंपाषष्ठीला त्यांच्याकडे तळी असते. ताम्हनात खोबरं-भंडारा ठेवून पाच पुरुषांनी येळकोट म्हणत उचलायची. दोन दीर, एक पुतण्या, अर्जुनराव, आणि मुलाच्या जागी पाचवे हे, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. चंपाषष्ठी यंदा नेमकी सहा डिसेंबरला आली आहे. बाबासाहेब गेले त्या दिवशी आमच्या घरातून येळकोट. काय करू ते कळव.

वहिनीस जयभीम, पोरांना पापे. पाठीवर हात असू दे.
तुझी कस्तुरा


चाकण,
दि. २४ नोव्हेंबर १९७८

चि. सौ. कस्तुरास,
भीमराजचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

पत्र वाचून आधी हसू आलं. आमचे खंडूराव गेटसभेत माइक सोडत नाहीत, आणि एका म्हातारीपुढे दातखीळ बसली. मग हसू पळालं.

मी शाळेत पोरांना रोज सांगतो की खरं बोला. तुला मात्र सांगतो की बाळंतपण होईपर्यंत तोंडातून ब्र काढू नकोस. आपली सरूआत्या बैलगाडीतून दवाखान्यात नेताना वाटेतच गेली, ते मी विसरलेलो नाही. वहिनी म्हणते इकडे ये, पण इथं अवेळी वाहन मिळत नाही. तळी संध्याकाळी असेल, तर खंडूरावांनी त्या दिवशी दुसरी पाळी मागून घ्यावी. माणूसच घरात नसला तर काय उचलणार? सर सलामत तो पगडी पचास. मूल हातात आलं की मी स्वतः येऊन सगळं सांगेन आणि शिव्याही मीच खाईन.

जिवाला जप. दोन ओळी का होईना, धाडत जा.
तुझा दादा


चिंचवडगाव,
दि. २ डिसेंबर १९७८

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझी युक्ती फसली. दुसऱ्या पाळीचं ऐकून रुक्मिणीबाईंनी तळीच सकाळवर आणली. हा माझ्या लेकाच्या जागी आहे, याच्याविना कशी उचलायची, असं म्हणाल्या.

त्या वाईट असत्या तर बरं झालं असतं. रोज संध्याकाळी माझ्या पायांना तेल चोळतात. डिंकाचे लाडू केले, ते समोर बसवून खायला लावतात. काल चोळता चोळता सहज सांगत होत्या की मागे एक भाडेकरू तसले निघाले, नशीब वेळेवर कळलं, मग सगळी खोली शेणाने सारवून घेतली. हात माझ्या पायावरच होता. मी भिंतीकडे बघत राहिले.

हे म्हणतात, ताम्हनच तर आहे, बाळासाठी उचलतो. म्हणतात आणि पाठ फिरवून पडून राहतात. सहा तारखेला आई पांढरं नेसून दिवसभर उपाशी राहायची, तुला आठवत असेल. मला हे सहन होत नाही, दादा. भीतीही फार वाटते. तुझं उत्तर यायच्या आत मी काही करून बसले तर रागावू नकोस.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
कस्तुरा


चिंचवडगाव,
दि. ८ डिसेंबर १९७८

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

मी पाच तारखेला सांगून टाकलं. त्या तेलाची वाटी घेऊन आल्या, तेव्हा पाय आखडून घेतले आणि म्हटलं की आम्ही बौद्ध आहोत, पूर्वीचे महार, उद्या बाबासाहेबांचा दिवस आहे, हे तळी उचलणार नाहीत. त्या उठल्या आणि पदराला हात पुसत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या की फसवलंत, तळी झाली की खोली सोडा. फसवलं होतं हे खरंच.

सकाळी यांनी पांढरा सदरा घातला, फोटो काढून भिंतीला टेकवला, मेणबत्ती लावली. बाहेर पाट मांडलेला, भरीत-रोडग्याचा नैवेद्य तयार. थोरल्या दिरांनी पाचवा म्हणून वाण्याला आणलं. पण अर्जुनराव दाढी करत बसलेले, उठेचनात. ते शांतपणे म्हणाले की मी खंडूबरोबर रोज एका डब्यात जेवतो, तेव्हा मीही बाटलेलाच, माझा हात तुमच्या तळीला कसा चालेल? खंडू गेला तर मीही जाणार, आणि खोल्या रिकाम्या का झाल्या ते सगळ्या खात्याला सांगणार. वर असंही म्हणाले की मला पाळीला जायचंय, काय ते लवकर ठरवा. धाकटे दीर त्यांच्या अंगावर धावून गेले. मी कडी लावली आणि पोटावर हात धरून उभी राहिले.

उन्हं वर आली. वाणी दुकान उघडं आहे म्हणून सटकला. घरचे सगळे उपाशी, नैवेद्य गार. शेवटी रुक्मिणीबाईंनी दिरांना गप्प केलं, घर माझं आहे म्हणाल्या. आम्हाला दाराबाहेरून सांगितलं की बाळंत होईतो राहा, पण अंगणातल्या नळाला हात लावायचा नाही, पाणी मी वरून घालीन. तेवढ्यावर अर्जुनराव उठले, वाण्याला धरून आणलं आणि तळी झाली. अर्जुनरावांना वाटलं आपण जिंकलो. मला काही तसं वाटलं नाही.

काल सकाळी मी हंडा घेऊन नळावर गेले. रुक्मिणीबाईंचा हंडा भरत होता. मी म्हटलं की भाडं आमच्या हातून घेता, तर पाणीही मी माझ्या हातानेच घेईन, नाहीतर हे पोट घेऊन आजच निघते. निघाले असते तर कुठे गेले असते, मला माहीत नव्हतं. त्या माझ्या तोंडाकडे बघेनात. मग आपला अर्धा भरलेला हंडा ओढला, या दिवसांत वाकू नये एवढंही कळत नाही असं पुटपुटल्या, आणि माझा हंडा माझ्या हातातून घेऊन नळाखाली लावला. त्यांनी माझ्या हंड्याला हात लावला, दादा. मी तिथंच रडले.

नंतर त्या काही बोलल्या नाहीत, अजूनही बोलत नाहीत. तू रविवारी वहिनीला घेऊन ये. येताना दोघंही त्या नळावर पाय धुऊनच आत या.

तुझ्या मायेची भुकेली,
कस्तुरा