सदऱ्यावरून तपासणी

१४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आईचा गुडघा आता बरा आहे. परवा जिना उतरून शेजारणीशी तासभर गप्पा हाणून आली. वहिनीने विणलेला स्वेटर मला दोन मापं मोठा होतो, पण तिला सांगू नकोस.

तुझ्या ठाण्याचा हवालदार तुझा निरोप देऊन गेला. ‘साहेब म्हणाले, डॉक्टरताईंनी नेहमीसारखं करावं.’

नेहमीसारखं म्हणजे कोठडीतला माणूस कोर्टात नेण्याआधी माझ्या दवाखान्यात आणायचा. फॉर्म तुमच्याकडूनच भरून येतो : जखमा नाहीत, तक्रार नाही. तो माणूस दाराशी उभा राहतो, मी त्याला सदऱ्यावरूनच तपासते आणि सही करते.

सोमवारी तुझ्या कोठडीतल्या त्या गवंड्याला आणलं. मी ‘बस’ म्हटलं, तर तो म्हणाला, “उभाच बरा आहे, बाई.” माझं डोकंच फिरलं. हवालदाराला बाहेर घालवलं. गवंड्याचे हात वर जाईनात, म्हणून सदरा कात्रीने कापला. पाठीवर आणि कमरेखाली काय होतं ते चार पानं लिहून मी स्वतः कोर्टात दिलंय. तुझा फॉर्म कोराच राहिला, म्हणजे सहीपुरता.

मारहाणीला कायद्याने बंदी आहे, हे तू मला काय सांगणार? बंदी आहेच. पण कबुली लवकर मिळाली की वरून तुझी पाठ थोपटतात, ती कशी मिळाली हे कुणी विचारत नाही. न्यायाधीश माणसाकडे न बघता माझा कागद बघतात, आणि माझा कागद तू भरतोस. एवढ्यावर सगळं बिनबोभाट चालतं.

अकरा वर्षं मी सह्या केल्या. मला माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं, पण माहीत होतं. तू माझा भाऊ, म्हणून केल्या, आणि घरी येऊन पोटभर जेवले. याची मला लाज वाटते, दादा. तुला वाटत नाही, याचा राग येतो.

अहवाल मागे घेणार नाही. उद्या साक्षीत जुन्या सह्यांचंही सांगणार आहे. माझी डॉक्टरकी जाईल, तुझी वर्दी जाईल. जाऊ दे. आईला मी सांगितलंय.

वकील मला पहिल्यांदा हेच विचारेल, की हा अधिकारी तुमचा कोण. मी नजर खाली न घालता उत्तर देईन. इथेही तेच लिहून सही करते, आणि ही सही कुणी भरून दिलेल्या कागदावर नाही.

तुझी सख्खी बहीण