अर्धी वीत

चँडलर
बुधवार, १२ मार्च २०२५

प्रिय श्रीरंग,

जय भीम. दारातून आत येताना तू हे इतक्या मोठ्यानं म्हणायचास की शेजारचं कुत्रं भुंकायला लागायचं. ते कुत्रं आता म्हातारं झालंय, भुंकत नाही. मी बरी आहे, गुडघे सोडून. तूही बरा असशील असं धरून चालते. पाकिटावरचा इंग्रजी पत्ता उपासनानं घातलाय, आतलं माझं मी लिहितेय. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा चुकलंमाकलं समजून घे.

तर शनिवारी सगळ्यात आधी वीणा आली. नऊला या म्हटलं होतं, ही बाई साडेसातलाच दारात, हातात पाटोडीच्या रश्श्याचं पातेलं. मी अजून केस विंचरत होते. म्हटलं, "वीणा, नवरा कुठाय तुझा?" तर म्हणे, "ते माप घ्यायचं सामान शोधताहेत काकू, मी म्हटलं तोवर रस्सा थंड होईल." सामान शोधायला नवऱ्याला दीड तास लागतो आणि हिला रश्श्याची काळजी! नवरा म्हणजे आपला लहू. रविवारच्या वंदनेला मागे बसायचा, मिशीवाला, ट्रेलरचं वेल्डिंग करतो तो. तोही नऊच्या आत आला. येताना जाड तारेची एक कमान वाकवून आणली होती, गाडीवर धरून बघायला.

हो, गाडी. विवेकची आणि तुझी. खोक्यांतून सुटे भाग आले होते आणि तुम्ही दोघं तीन वर्षं गॅरेजमध्ये जोडत बसायचात, तीच निळी, बिनटपाची. अडीच वर्षं ताडपत्रीखाली होती. हिमानी ती विकायला निघाली होती. गॅरेजमध्ये वॉशिंग मशीन आहे ना, तर माझी सून ताडपत्रीकडे पाठ करून कपडे टाकायची. मग उपासनानं हट्ट धरला, "आई, गिव्ह मी वन इयर." पोरगी आता एकोणीस वर्षांची आहे, मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला. फुटलेली डावी बाजू तिनं स्वतः सांधली. हात बघ तिचे, चिकट रसायनानं माखलेले, आणि त्याच हातांनी माझे गाल ओढते. मला इतकं कौतुक वाटतं की मी काही बोलतच नाही, उगाच दृष्ट... नाही, दृष्टबिष्ट आपण मानत नाही. कौतुक वाटतं एवढंच.

हिमानीनं अट घातली. डोक्यामागची पाईपाची कमान, ज्याला तुम्ही रोल बार म्हणायचात, ती नवी झाल्याशिवाय चावी मिळणार नाही. उंच, जाड, मागून दोन टेकू, मध्ये एक तिरपा पाईप, आणि पाय खालच्या लोखंडी सांगाड्याला पक्के. लहूनं मला नीट समजावून सांगितलं. म्हणाला, "काकू, गाडी उलटली तर जमिनीला हिनं टेकायचं, माणसाच्या डोक्यानं नाही."

एवढी साधी गोष्ट. ती मला आधी कोणी सांगितली नव्हती, असं मी लिहिणार होते. पण तू सांगितली होतीस. माझं लक्ष नव्हतं.

मग लहूनं सरळ काठी मागितली. मी मॉपचा दांडा काढून दिला. उपासना म्हणाली, "आजी, यू आर ऑन द टीम नाऊ!" दांड्याचं एक टोक मागे तारेच्या कमानीवर आणि एक पुढे काचेच्या चौकटीवर ठेवायचं. बसलेल्याचं डोकं दांड्याच्या खाली राहिलं तर ठीक. आधी मला बसवलं. माझे पाय पुढे पोचेनात. लहू म्हणतो, "काकू, तुम्हाला पाईप नको, उशी लागेल." सगळे हसले. हिमानी दारात उभी होती, तीसुद्धा थोडी हसली. तिला त्या गाडीजवळ हसताना मी किती दिवसांनी पाहिलं.

लहूनं विचारलं, "सगळ्यात उंच कोण बसणार? माप त्याचं घ्यायचं." उपासना गॅरेजच्या भिंतीकडे गेली. विवेकनं आम्हाला एकेकाला स्टुलावर बसवून पेन्सिलीनं भिंतीवर रेघा मारल्या होत्या, तुला आठवत असेल. आजी, उपा, आई, आणि वर स्वतःची. पोरीनं सगळ्यात वरच्या रेघेवर बोट ठेवलं. "लहूकाका, यूज बाबाज् लाइन."

हिमानी म्हणाली, "आता ते माप कोणासाठी?"

"दॅट्स द टॉलेस्ट," पोरगी म्हणाली. बोट तिथंच ठेवलं.

लहूनं ते माप घेतलं. मग ताडपत्रीवर पडलेली जुनी, चेपलेली कमान उचलून तिच्याशी ताडून बघितलं आणि तोंडानं चुकचुकला. "अर्धी वीत कमी आहे. विवेकचं अर्धं डोकं वर. कोणी कापली ही? श्रीरंग तर एवढं शिकलेला माणूस..."

हिमानी म्हणाली, "त्याचं नाव या घरात नको."

श्रीरंग, त्या क्षणी माझ्या हातात मॉपचा दांडा होता. मी तो खाली ठेवला आणि म्हटलं, "मी कापायला लावली."

आता तुला परत सांगायची गरज नाही, तुला सगळं ठाऊकच आहे. पण मी आजवर हे कागदावर लिहिलं नाही, तेव्हा लिहू दे. ते साल बावीस. जयंतीच्या मिरवणुकीत आपली गाडी पहिल्यांदाच निघणार होती. हिमानी तिच्या वडिलांच्या आजारपणासाठी नागपूरला होती. गाडीच्या मागच्या बाजूला आपण बाबासाहेबांचा फोटो ठेवून बघितला आणि समोरून पाहिलं तर तो पाईप बरोबर डोळ्यांवर आडवा येत होता. मी म्हटलं, "हे काय रे, पाईप खाली घ्या." तू म्हणालास, "आई, तो शोभेचा नाही, त्याची उंची कमी करायची नसते." मी रुसले. घरात जाऊन बसले, चहासुद्धा घेतला नाही. विवेकनं तुला म्हटलं, "एवढं आईचं ऐकू यार, मिरवणूक झाली की परत उंच करू." आणि तू कापलास. चेहरा कसा स्वच्छ दिसत होता त्या दिवशी! लोकांनी किती फोटो काढले. मी पांढरी साडी नेसून शेजारच्या सीटवर बसले होते, राणीसारखी.

मग उन्हाळा आला. इथला उन्हाळा तुला माहीतच आहे, गॅरेजमध्ये उभं राहवत नाही. थंडी पडली की करू, असं ठरलं. आणि ऑक्टोबरात डोंगरातल्या रस्त्यावर ते हरीण आलं. विवेक वेगात नव्हता. पोलिसही तसंच म्हणाले. पट्टा बांधलेला होता. गाडी एकदाच उलटली.

विवेकच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी हिमानीनं सगळ्यांसमोर तुला विचारलं, "तुला अक्कल नव्हती का? पाईप एवढा खाली का लावलास?" तू माझ्याकडे बघितलंस. मी त्याच्या फोटोशेजारी बसले होते. मी मान खाली घातली. तू हात जोडलेस आणि निघून गेलास. तीन महिन्यांनी कळलं, तू नोकरी बदलून लांब, प्लेनो शहरात गेलास.

तू माझं नाव का घेतलं नाहीस, हे मी कोणाला विचारणार? माझा पोरगा गेला म्हणून तू मला झाकलंस. आणि तू झाकलंस म्हणून मी झाकलेलीच राहिले. रोज वाटायचं आज सांगू. मग हिमानी कामावरून यायची, माझ्या गोळ्या मोजून द्यायची, आणि वाटायचं, हिनं बोलणं सोडलं तर या परक्या देशात मी कोणाशी बोलू?

एक गोष्ट मला फार छळते. स्वयंपाकघरात माझा पाट आहे, लग्नातला, नागपूरहून आणलेला. मिरवणुकीच्या दिवशी बाबासाहेबांच्या फोटोखाली तो पाट ठेवला असता तरी चेहरा पाईपाच्या वर आला असता. एवढंच करायचं होतं. एवढे शिकलेले दोन इंजिनिअर आणि मी, तिघांतल्या एकालाही सुचलं नाही.

शनिवारी मी सांगितलं तेव्हा लहूनं ती जुनी कमान खाली ठेवली. हिमानी आत गेली. मला वाटलं, आता ही खोलीचं दार लावून घेणार. पण परत आली आणि लहूला म्हणाली, "माप पूर्ण करा." रस्सा कोणी नीट खाल्ला नाही. वीणानं पातेलं इथंच ठेवलं.

चार दिवस झाले. हिमानी मला ताट वाढते, शेजारी बसत नाही. माझी तक्रार नाही. काल मात्र म्हणाली, "आई, श्रीरंगला तुम्हीच लिहा. मी फोन लावला तर मला आधी रडू येईल. आणि त्याला सांगा, मी त्या दिवशी जे बोलले ते मला परत घ्यायचंय, पण त्याच्या तोंडावर." तिचं हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय. उपासना म्हणते, शेवटचे बोल्ट श्रीरंगकाकांनी आवळले तरच ती गाडी चालवणार. कोणाचा हट्ट घेतलाय कोण जाणे.

मी तुला माफ कर म्हणत नाही. ते मागायचा हक्क मला आहे की नाही, कळत नाही. तू ये एवढंच म्हणते. विमानाचा प्रवास तुला नको असतो हे माहीत आहे, कान दुखतात तुझे. तरी ये. येताना दारातून मोठ्यानं जय भीम म्हण. कुत्रं नाही भुंकलं तरी मला ऐकू येईल.

पाट मी घासून, पुसून गॅरेजमध्ये नेऊन ठेवलाय.

विवेकची, आणि तू अजून म्हणत असशील तर तुझीही,
आई
(कमला)

ता. क. लहू आणि वीणा पाईप वाकवून घेऊन परत येतो म्हणालेत. शनिवार, २९ मार्च. सकाळी नऊ.